मैफलीतला कापलेला तुकडा

रेकॉर्ड लागली की ताई उठून उभ्या राहायच्या. डावा कान तळहाताने घट्ट दाबायचा, मान उजवीकडे कलती करायची आणि आमच्या बाहेरच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. माझी बायको सुमन म्हणायची, "अहो ताई, बसा की. चहा गार होतोय."

"बसते, वहिनी. एवढं ऐकू द्या."

ते 'एवढं' कधी संपायचं नाही.

कान दाबायची सवय कामातून आलेली. अंबडच्या ज्या कारखान्यात मी हिशेब खात्यात होतो, तिथे ताई टेलिफोन बोर्डावर होत्या. भिंतीपलीकडे प्रेस मशीनची धडधड. म्हणून एका कानाला हेडफोन आणि दुसऱ्यावर हात. पुढे पुढे भाजीवाल्याशी बोलतानाही तो हात आपोआप कानावर जायला लागला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी त्यांच्या अंगात कुठेतरी मुक्कामाला येते.

एकदा विंचूरहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. "सहज केला रे," म्हणाला आणि दोन मिनिटांत ठेवला. मी पुन्हा कामाला लागणार तोच ताई स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, तुमचे दादा सहज बोलत नव्हते. वाक्याआधी श्वास संपत होता त्यांचा. आजच जाऊन या." मी दुपारच्या एसटीने गेलो. वडील अंथरुणाला खिळले होते आणि मला कळवायचं नाही असं त्यांनीच घरात बजावलं होतं. त्यांच्यापाशी मला जे थोडे दिवस मिळाले, ते ताईंच्या कानामुळे.

तर हा कान दर रविवारी सकाळी आमच्याकडे यायचा. रेकॉर्ड प्लेअर माझा, रेकॉर्डी तिघांच्या. मी, ताई आणि ड्रॉइंग सेक्शनमधला वाघ. महिन्याला एक रेकॉर्ड मेन रोडच्या दुकानातून आणायची असा आमचा शिरस्ता होता. कुठली आणायची, यावर मात्र महिनाभर वाद.

तेव्हा जुन्या तबकड्यांवरची गाणी साफसूफ करून नव्या लाँग प्लेवर निघायला लागली होती. वाघाला ती फार आवडायची. "खरखर बघा कशी गेली! आरशासारखं गाणं." ताईंचा तोच शब्द ठरलेला, "धुतलेलं आहे."

"मग धुतलेलं वाईट असतं का?"

"वाईट नाही हो. पण खरखर नेताना तंबोऱ्याची जवारी, तारांची ती गुंजच, नेली की यांनी."

खात्री करायला त्या घरून जुनी तबकडी घेऊन आल्या. आधी ती लावली, मग नवी, मग पुन्हा जुनी. सुमनने कांदे चिरायचे थांबवून स्वयंपाकघरातून निकाल दिला, "मला तर दोन्ही सारखीच वाटतात." पण पुढच्याच महिन्यात एका धुतलेल्या रेकॉर्डमध्ये ताईंना मागच्या सारंगीच्या अशा जागा ऐकू आल्या, ज्या त्यांना इतक्या वर्षांत कळल्याच नव्हत्या. येरझाऱ्या थांबल्या. "अरे देवा, हा माणूस एवढं वाजवत होता आणि मला पत्ता नाय!" खूश झाल्या किंवा चिडल्या की चांदवडची बोली बाहेर यायची. त्यांचे वडील तिकडे कांदा पिकवायचे. गाण्यासाठी ही मुलगी एकटी नाशिकला आली होती.

त्यामुळे ठाम मत असं ताईंचं नव्हतंच. रविवारी ठरायचं, आणायची. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. "भाऊ, मला वाटतं नको." जेवणाच्या सुट्टीत, "आणूच या." संध्याकाळी बसच्या रांगेत, "वाघांना विचारा एकदा." दुकानदार आम्हाला बघितल्यावर हसायचा. म्हणायचा, "रेकॉर्ड देऊ, की नुसतं ऐकून जाणार?"

एका रविवारी वाघ मोठ्या उत्साहात आला. "प्रत्यक्ष मैफलीची रेकॉर्ड आलीय! आपल्या पंचवटीतल्या गुरुजींची. ते गेल्यानंतर काढलीय."

ताईंनी कपबशी खाली ठेवली. "मैफलीच्या रेकॉर्डी नकोत. खोकले, खुर्च्या, टाळ्या. कशाला?"

"अहो, मागच्याच महिन्यात तुम्ही म्हणालात, मैफलीत गाणं जिवंत असतं म्हणून."

"म्हटलं असेन. नको म्हणजे नको."

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी आला. "भाऊ, आणायची का?" मी हो म्हणायच्या आत, "नको, राहू दे." असं तीन आठवडे चाललं. बोर्डावर त्यांनी एकदा मुंबईचा कॉल भलत्याच साहेबांना जोडला, जे कधीच झालं नव्हतं. शेवटी मी आणि वाघ दुकानात गेलो. कव्हरवर गुरुजींचा गातानाचा फोटो होता. त्यांच्या खांद्यामागे तंबोरा आणि तंबोऱ्याआड अर्धा चेहरा. वाघ म्हणाला, "या आपल्या ताई आहेत."

रविवारी कव्हर समोर ठेवल्यावर त्यांनी ते लगेच पालथं घातलं. मग उभ्याउभ्याच सांगितलं.

"नऊ वर्षं शिकले त्यांच्याकडे. ती सकाळची मैफल होती. गुरुजींना बरं नव्हतं. जौनपुरीची द्रुत चीज चालू होती आणि त्यांचा आवाज तुटला. पुन्हा धरायला गेले, पुन्हा तुटला. तबला चालू, लोक बघतायत. मग मी मागून उचललं. एक-दोन आवर्तनं नाही, चांगलं बरंच गायले. एकटीच. समेवर आले तशा टाळ्या पडल्या आणि गुरुजी मागे वळून काहीतरी बोलले."

"काय बोलले?"

"ओठ दिसले. टाळ्यांत ऐकू आलं नाही." त्या खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या. "पुढं शेवटपर्यंत ते गायले, पण माझ्याकडे बघितलं नाही. नंतर मला कधी साथीला बोलावलं नाही. मी समजले, शिष्येनं मधे तोंड घातलेलं आवडलं नाही. मी पण गेले नाही. चांदवडला निघून गेले. नंतर इथं नोकरी धरली. गायले नाही परत. आता कळलं ना, भाऊ? माईक त्यांच्या तोंडासमोर होता. ते जे बोलले, ते या रेकॉर्डमध्ये असेल."

सुमन हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मग लावा की. एवढी वर्षं नुसतं दचकत राहण्यापेक्षा बरं."

मी पिन ठेवली. गुरुजींचा आवाज भरून आला. ताईंचा हात कानावर गेला, पण त्या दिवशी येरझाऱ्या नव्हत्या. भिंतीला टेकून उभ्या. विलंबित संपलं, द्रुत सुरू झाली. एक तान, दुसरी. मग टाळ्या आणि शेवट.

"परत लावा. द्रुतपासून."

परत लावली. मधेच त्यांनी हात वर केला. "इथं. तबला ऐकला? मात्रा उडाली. इथं कापलंय."

वाघाने कव्हर उलटून पालटून बघितलं, जणू कापलेला तुकडा तिथे चिकटवलेला असेल. "गुरुजींचा आवाज तुटलेला लोकांना कशाला ऐकवायचा, असं रेकॉर्ड काढणाऱ्यांना वाटलं असेल," तो पुटपुटला. तुटलेल्या आवाजाबरोबर ताईंचं गाणं गेलं होतं आणि गुरुजींचं ते वाक्यही.

ताईंनी चपला घातल्या. "वहिनी, माझ्याबरोबर येता? पंचवटीत जायचंय. एकटीनं जमायचं नाही."

पुढचं मला सुमनने सांगितलं. गुरुजींच्या पत्नी ओसरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. ताईंना बघून म्हणाल्या, "ये. फार वर्षं लावलीस." ताईंनी बसायच्या आधीच विचारलं, "त्या दिवशी काय बोलले ते मला? रागावले होते?"

"काय बोलले, मला नाही ठाऊक. घरी आले, तंबोऱ्याला खोळ घातली आणि परत काढली नाही. ती शेवटची मैफल त्यांची. कुणालाच बोलावलं नाही त्यानंतर, तुला कुठून बोलावणार? आणि रागावले असते, तर आठवडाभर मला शिव्या ऐकायला लागल्या असत्या. एकही ऐकली नाही."

सुमन म्हणाली, ताई तिथेच खाली बसल्या. पहिल्यांदाच कुणी सांगितल्याशिवाय बसल्या. रडल्या, मग त्यांच्याबरोबर डाळ निवडायला लागल्या. निघताना बाईंनी कोपऱ्यातल्या खोळ घातलेल्या तंबोऱ्याकडे बोट दाखवलं. "हा नेतेस का? मला पुसायचा कंटाळा येतो."

पुढच्या रविवारी मी विचारलं, "ताई, ही रेकॉर्ड ठेवायची की परत करायची?"

"ठेवा. एक तुकडा कापला म्हणून बाकीचं गाणं खोटं नाही झालं." मग दारापर्यंत जाऊन परत आल्या. "कापलेला ऐकायचाय का तुम्हाला?"

आणि त्या गायल्या. आवाज गंजलेला, वरचा षड्ज दोनदा निसटला. वाघ मान खाली घालून मांडीवर ठेका धरत होता. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि सुमन त्या बंद करायला उठली नाही.

काही वर्षांनी कारखान्यात आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि टेलिफोन बोर्ड निघाला. ताईंना स्टोअरमध्ये जागा देत होते. "डबे मोजत बसणं मला जमायचं नाय," म्हणाल्या आणि राजीनामा दिला. चांदवडला मुलींना गाणं शिकवायचं ठरवलं होतं. 

मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. तंबोरा गोधडीत गुंडाळलेला. कंडक्टर म्हणत होता, "टपावर टाका बाई ते, कांद्याच्या गोणींशेजारी." ताई दारात आडव्या उभ्या. "टपावर नाय जायचा. याचं तिकीट फाडा, पण आत बसेल." मागची माणसं ओरडायला लागली. शेवटी कंडक्टरच वैतागून म्हणाला, "या, बसवा आत, पण गप बसा."

गाडी हलली. गर्दीत ताई दिसेनाशा झाल्या. खिडकीच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला तंबोरा ऐटीत बसला होता आणि एक हात त्याला गच्च धरून होता.