बिदाईचा शॉट आणि एक किलोचं वजन

आधीच सांगतो, भूतबित, दैवी-बिवी मी मानत नाही. अमरावतीत लग्नाचे व्हिडिओ काढतो, निम्म्या 'चमत्कारां'मागे लेन्सवरची धूळ असते हे मला पक्कं ठाऊक! पण हे...

ताईच्या लग्नाला आठ दिवस उरले आणि बाबा दुकानातल्या शिडीवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये, लग्न अकोल्याला. म्हणाले, "तारीख हालवाची नाई. मले फक्त पोरीची बिदाई नीट दाखव. हालत्या व्हिडिओनं मले चक्कर येते."

कॅमेरा स्थिर धरणारा जिंबल आपल्या ऐपतीबाहेर. शेजारच्या वेल्डिंगवाल्या सलीमचाचांनी जुगाड करून दिला - एक पाइप, मधे बेअरिंग, वर माझा डीएसएलआर, खाली बाबांच्या तराजूचं एक किलोचं वजन. खाली भार असला की कॅमेरा डुलत नाही.

अकोल्यात बिदाईच्या वेळी पिशवी उघडली... वजनच नाही! ट्रायल घेऊन बाबांच्या खाटेवर ठेवलं, ते तिथंच राहिलं. ताई तर निघाली. पाइप दोन्ही हातांनी आवळून धावलो. डोळ्यांत पाणी, हात लटलट, मागून मामांचे धक्के. बाबांना आता काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी घरी, बाबांसमोर घाबरतच टीव्हीवर लावलं. आणि शॉट... लोण्यासारखा! ताई मावशीच्या गळ्यात पडली, पायऱ्या उतरली, कुठंच हादरा नाही. माझी लेन्स जुनी, तिच्यात स्टॅबिलायझर वगैरे काही नाही बरं का. फक्त गाडीच्या दाराशी एक झटका. कॅमेऱ्यातली वेळ सव्वाचार.

"वजन इथंच राह्यलेलं दिसलं," बाबा म्हणाले. "मंग काय, हातात घेऊन बसलो. हालू देलं नाई."

"मी म्हनलं बी, काहून पागलावानी बसला!" लग्नाच्या दिवशी त्यांच्या सोबतीला थांबलेले सलीमचाचा हसले. "जबरदस्ती चहा देला, तं हात हालला याचा."

"किती वाजता, चाचा?"

"सव्वाचारले. याच्या गोळीचा टाइम ना तो."

मी तो झटका पुन्हा लावून वेळ पाहिली. सव्वाचारच. बाबा मात्र चाचांवरच उखडले, "घे! तुह्या चहापायी पोरीचा व्हिडिओ हालला!" मग आम्ही तिघंही हसलो, रडलोसुद्धा.

कुणाला कळलं तर सांगा बुवा, मला आजवर कळलेलं नाही. तो झटका मी एडिटमध्ये कापलेला नाही.