पिंटू काही अंग धरेना!

मूल जन्माला आलं की वर्षभर आई झोपत नाही आणि शेजारी गप्प बसत नाहीत. त्यामुळे किस्से गोळा करायला वेगळे कष्ट पडत नाहीत. सुरतेतल्या आमच्या भेस्तानच्या लाईनीत तर खोल्या एकमेकींना अशा चिकटलेल्या की, इकडे वरणाला फोडणी पडली की तिकडून सल्ला हजर! नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे लूमवर कारागीर, मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची, आणि आमचा पिंटू वर्षाचा व्हायला आलेला. तब्येतीनं जरा बारीक. 'जरा' हा माझा शब्द. बाकीच्यांचे शब्द वेगळे होते.

सासूबाई अमळनेरकडच्या गावाहून आल्या. चपला काढायच्या आधीच त्यांनी निकाल दिला, "पोऱ्या सुकी गया माय!"

सासूबाई माळकरी. घरात अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही. ते ठीकच होतं, मलाही नको होतं. पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, "वाढदिवसापर्यंत यानं अंग धरलं नाही, तर मी याला गावी नेते. घरच्या म्हशीचं दूध पाजते. मग बघ!"

आमच्या ह्यांना ऐकूच गेलं नाही. लूमच्या खडखडाटानं कान गेलेत म्हणायचे. जेवायला हाक मारली की मात्र बरोबर ऐकू यायची!

मला खरंच भीती वाटायची. लेकरू माझ्यापासून लांब जाणार, या विचारानं हातातली कात्री थांबायची.

*

पहिली भानगड वरणाची. सासूबाई पातेल्यातलं वरचं पिवळं पाणी हलक्या हातानं काढायच्या आणि पिंटूला पाजायच्या. "डाळीची सगळी ताकद पाण्यात उतरते," म्हणे. खालची घट्ट डाळ ह्यांच्या ताटात.

आम्ही दोघं पिंटूला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "घरात डाळ रोज शिजते ना?"

"शिजते की."

"मुलाला काय देता?"

"वरचं पाणी."

"आणि घट्ट डाळ?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. मग त्यांनी ह्यांच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "डाळीत ताकद आहे बरं का. पुरावा समोरच उभा आहे!"

*

शेजारच्या राधाताई नांदेडकडच्या. मनानं सोनं, पण आवाज कारखान्याच्या भोंग्याचा. एक दिवस माझ्या कानाशी येऊन 'हळूच' म्हणाल्या, "अगं, एक अंडं खिचडीत कालवून दे. कुणाला कळतंय!"

कुणाला म्हणजे काय, अख्ख्या लाईनीला कळलं. सासूबाईंनी त्याच क्षणी पिंटूची वाटी चिंचेनं घासली, उन्हात ठेवली आणि राधाताईंच्या दारावरून नेताना पदराखाली झाकायला सुरुवात केली. वाटीला बाधा होऊ नये म्हणून!

आता गंमत अशी की, राधाताईंचा बबलू पिंटूच्याच वयाचा आणि पिंटूहून बारीक. मी विचारलं, "ताई, याला रोज अंडं देता ना?"

"देते की."

"तरी असा?"

"देते म्हणून एवढा तरी दिसतोय!"

मी आत जाऊन नागली, म्हणजे आपली नाचणी, भाजायला घेतली.

*

मग आलं दूध. सासूबाईंच्या मते दूध हे जेवण, दूध हेच पाणी आणि दूध हेच औषध. पिंटू जागा झाला की दूध, रडला की दूध, हसला तरी दूध. पोट तुडुंब, मग खिचडीचा घास पुढे केला की गडी तोंड फिरवायचा. आणि त्याने तोंड फिरवलं की सासूबाई म्हणायच्या, "बघ, तुझ्या हातची चव आवडत नाही त्याला!"

पुढच्या खेपेला, सासूबाईंच्या देखत, डॉक्टरांनी पिंटूचं वजन केलं, ते कमी भरलं; मग खालची पापणी ओढून बघितली. म्हणाले, रक्त कमी दिसतंय. दूध जरा कमी करा. घट्ट डाळ, तूप घातलेली खिचडी, पालेभाजी, नागलीची पेज, शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट द्या, वरून लिंबू पिळा. अंड्यावाचून काही अडत नाही.

मला तर डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं. सासूबाई मात्र खवळल्या. "दूध कमी कर सांगतो! याच्या आईनं याला काय चहावर वाढवला?"

डॉक्टर सुरतीच. शांतपणे गुजरातीत म्हणाले, "ना माजी, खीचडी पर!"

परत येताना सासूबाई रिक्षा थांबवून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर उतरल्या आणि गावी आपल्या धाकट्या जाऊबाईंना फोन लावून ओरडल्या, "सुरतना डॉक्टर येडा शे!" हे रोजचं बुलेटिन होतं. पिंटूच्या फासळ्यांची बातमी मला कळायच्या आधी गावात पोचायची.

*

आमच्या ह्यांना वाटलं, डॉक्टरांचा काटाच खोटा. "आमच्या कारखान्यातला काटा बघ, सुताचा! दोऱ्याचं वजनसुद्धा पकडतो."

रविवारी पिंटूला खांद्यावर टाकून गेले. मी स्वेटर, टोपी, मोजे, पायांत वाळे, सगळं घालून पाठवला. म्हटलं, तेवढाच भर! काट्यावर बसवल्यावर आकडा बरा आला. कारागिरांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मेहताजी आले. कारखान्याचा हिशोब बघणारा माणूस. जन्म सुताची पोती मोजण्यात गेलेला. त्यांनी चष्मा वर केला आणि सवयीनं म्हणाले, "बारदान वजा करो!"

म्हणजे पोत्याचं वजन वजा करायचं, माल तेवढा धरायचा. झालं! टोपी काढली, स्वेटर काढला, मोजे काढले, वाळे काढले. लंगोट ओला निघाला, तोही वजा! पिंटू उघडाबंब काट्यावर बसून भोकाड पसरतोय आणि आकडा खाली खाली येतोय.

डॉक्टरांच्या काट्यापेक्षाही कमी भरला. घरी आल्यावर हे म्हणाले, "डॉक्टर तसे हुशार आहेत."

*

तरी मी नागली सोडली नाही, घट्ट डाळ सोडली नाही. दूध वाटीनं मोजकंच. सासूबाई अंघोळीला गेल्या की एक घास, माळ जपायला बसल्या की दुसरा. पिंटूच्या गालांवर जरा रंग आला, भिंत धरून तो दोन्ही खोल्या फिरायला लागला. मला दिसत होतं. पण सासूबाईंनी त्याचे कपडे घडी करून आपल्या पिशवीत भरायला घेतले होते. ते बघून मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

वाढदिवसाला त्यांच्या नवसाची गूळतुला होती. लाईनीच्या टोकाच्या मारुतीच्या देवळात किराणावाल्याचा मोठा तराजू टांगला. एका पारड्यात पिंटू, दुसऱ्यात गूळ. पिंटूच्या वजनाचा गूळ देवाला. तुलेसाठी गावाहून त्या धाकट्या जाऊबाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांच्या नातवाची तुला आदल्या वर्षीच झालेली, आणि तो किती भरला ते त्यांनी स्टेशनपासून देवळापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं.

एक ढेप ठेवली, आणि पिंटूचं पारडं वर!

"अगं माय!" जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. "एकाच ढेपमा उडना? सून काही खावाले देस का नही?"

सगळी लाईन वळून माझ्याकडे बघायला लागली, राधाताईसुद्धा! मी मान खाली घातली. दोन महिने सासूबाई हेच तर म्हणत होत्या; आता त्यांना साक्षीदारही मिळाला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग जाऊबाईंकडे बघितलं. मग पदर खोचला, दुसरी ढेप उचलली आणि पहिलीवर ठेवली. पिंटू आणखी वर जाणार, तोच त्यांनी डावा हात त्याच्या पारड्यावर ठेवला आणि चांगला जोर देऊन खाली दाबला. काटा मधोमध आला.

"बराबर शे!" सासूबाई म्हणाल्या. "नागली खास मना नातू." नागली खातो, हे त्यांना ठाऊक होतं तर!

"बाई, तुमना हात काढा ना आधी!"

"हात बी याना घरनाच शे!"

जाऊबाई हटायला तयार नाहीत. "मंग याले गावले लई जानार व्हतात ना तुम्हीन?"

पारड्यावरचा हात तसाच ठेवून सासूबाई म्हणाल्या, "इतला जड पोऱ्या उचलीसन गाडीमा कोन चढी वं?"