चार मुंडकी आणि आजी

माझ्या बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या फोटोत आमच्या घरातल्या चौघांना फक्त मुंडकी आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही टेंभुर्णीला राहायचो. वडील, म्हणजे दादा, शाळेत गुरुजी. धम्म घेतल्यापासून आमच्या घरातून देव गेले आणि देवांबरोबर भुतंही गेली, असं दादा अभिमानानं सांगायचे. बाकी घरात माय, आजी, धाकटी बहीण विमल आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेला मी.

विमलसाठी धावड्याचं स्थळ आलं. मुलगा सुखदेव, शिक्षक. त्याच्या घरून निरोप आला की नुसत्या मुलीचा नको, सगळ्या घराचा फोटो पाठवा. झालं. कोणी काय घालायचं यावरून घरात आठ दिवस बोलाचाली. मायला हिरवी साडी हवी, दादांना पांढरा सदराच हवा, मला बेलबॉटम हवी. शेवटी मी तोडगा काढला.

"शहरात सगळं घर एकसारखं घालून फोटो काढतं," मी म्हणालो. (मी शहरात असं एकही घर पाहिलं नव्हतं.)

दादांना ते पटलं. भोकरदनच्या बाजारात त्यांना एक छीट स्वस्तात मिळालं. विटकरी रंग आणि त्यावर पांढरी बारीक पानं. त्यांनी अख्खा तागाच उचलला. त्यातून दादांचा सदरा-पायजमा, माझा शर्ट आणि बेलबॉटम, विमलची नि मायची साडी झाली. साडीसाठी दोन पट्टे जोडले होते. नेसून माय उभी राहिली की राहुटी दिसायची. उरलेल्या कापडाचा तिनं स्वयंपाकघराच्या दाराला पडदा केला.

आजीनं मात्र ते अंगाला लावलं नाही. "मी काय पडदा हाय का?" म्हणाली. तिनं आपलं पांढरं लुगडंच ठेवलं.

मला वाटतं, इशारा तेव्हाच मिळाला होता. एका संध्याकाळी शेजारच्या शांताबाई विरजण मागायला आल्या. घरात कंदील नुकता लावला होता. माय ती नवी साडी नेसून पडद्यापुढं उभी होती. म्हणाली, "या की, आत या." शांताबाईंनी पाहिलं, वाटी ओट्यावर ठेवली आणि आल्या पावली निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी वाटी न्यायलाही आल्या नाहीत.

"काहून गेली असंल?" माय विचारत राहिली.

मंग एका रविवारी आम्ही एसटीनं भोकरदनला गेलो. स्टुडिओ म्हणजे एका दुकानामागची बिनखिडकीची खोली. आत लाल बल्ब आणि आंबूस, नाकाला झोंबणारा वास. भिंतींवर फोटोच फोटो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हार घातलेले. फोटोवाल्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. ते माणसाच्या तोंडापाशी तोंड आणून नमस्कार करायचे.

"मयताचे फोटो पण मीच काढतो," ते कॅमेरा लावता लावता म्हणाले. "बराबर येतात. बिलकुल हलत न्हाईत. जित्त्या माणसाचा लई तरास."

मायनं विमलचा हात धरला.

चाचांकडे महाल आणि तळं रंगवलेला जुना पडदा होता, तो उंदरांनी खाल्ला होता. त्या जागी त्यांनी नवा लावला होता. विटकरी, त्यावर पांढरी बारीक पानं. त्याच दुकानातून, त्याच छिटाचा.

आम्ही सगळे थबकलो.

"बघा," दादा खुश होऊन म्हणाले, "चाचांची आन् आपली पसंती एकच."

"हे तर लईच चांगलं झालं," मीही म्हणालो. "सगळं जुळून दिसंल."

पडदा एका बाजूनं सुटत होता, म्हणून चाचांच्या बायकोनं मागे स्टुलावर उभं राहून तो वरून धरला. आजी मधे खुर्चीवर बसली, आम्ही चौघं तिच्या मागं आणि बाजूला. चाचा काळ्या कापडात शिरले. कापडातून नुसता आवाज आला, "बस्स. आता मयतासारखे राहा."

आम्ही राहिलो.

धावड्याला पाकीट पोचवायचं काम मामाकडं होतं. त्यानं चाचांकडून दोन बंद पाकिटं घेतली, एक परस्पर सुखदेवच्या घरी दिलं आणि संध्याकाळी दुसरं घेऊन आमच्याकडं आला. "देऊन आलो," म्हणाला. "उघडून न्हाई पाह्यलं. आधी मुलाकडच्यांनी पाहावा."

दादांनी कंदिलाजवळ फोटो धरला. धरला तो धरलाच.

मधे आजी बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, पायाच्या बोटापर्यंत स्वच्छ. तिच्याभोवती हवेत चार मुंडकी तरंगत होती. मान नाही, खांदे नाहीत, नुसती पानं. खाली कुठं कुठं सुटे पंजे लटकत होते. आणि दादांच्या मुंडक्यावर, वरून कुठून तरी, चार बोटं आत आली होती.

मामानं चपला घातल्या.

"ही बोटं चाचाच्या बायकोची," विमल हळूच म्हणाली. दादांनी मान हलवली, पण एक हात वर नेऊन स्वतःचं डोकं चाचपलं.

आजीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "मी एवढ्या जणांला खाल्लं का काय?"

"असं काही नसतं," दादा म्हणाले. "छीट एक झालं, एवढंच." मंग मला म्हणाले, "उत्तम, वाळत घातलेले कपडे घेऊन ये."

मी अंगणात गेलो. अंधारून आलं होतं. दोरीवर माझी बेलबॉटम वाऱ्यानं चालत होती. आधी एक पाय, मंग दुसरा. ती वळून माझ्याकडं आली. मी घरात येऊन सांगितलं की माझं डोकं दुखून राह्यलं आणि कपडे सकाळीसुद्धा वाळतात. दादा रागावले नाहीत. तेही गेले नाहीत.

धावड्याहून आठवडाभर काही कळलं नाही. माय रडवेली झाली. विमल सारखी दाराकडं पाहायची. तिला तो मुलगा एका लग्नात दिसला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

आणि एका दुपारी सुखदेव आणि त्याचे आजोबा न कळवताच आले. नेमकं त्या दिवशी आम्ही तेच कपडे घातलेले. (कापड वाया जाऊ नये म्हणून मायनं ते घरात वापरायला काढले होते.) दादा, माय आणि मी पडद्यापुढं बसलेलो. आणि ओसरीत आजी, पांढऱ्या लुगड्यात, विळीवर भला मोठा भोपळा चिरत होती.

आजोबा उंबऱ्याबाहेरच थांबले. त्यांनी आजीकडं पाहिलं. मंग आत, आमच्या तीन मुंडक्यांकडं.

"भुताखेतांवर आमचा विश्वास न्हाई," आजोबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "पण बाई, जरा पाय दाखवता का?"

आजीनं विळी थांबवली. "मुलगी माही नात हाय. मी न्हाई."

"पाय सुलटे हायेत का, तेवढं पाहू द्या."

माय उठून पाणी आणायला गेली. म्हणजे मुंडकं उठलं आणि पडद्यात नाहीसं झालं. आजोबांनी सुखदेवचा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात आतून विमल आली. तिनं ते छीट केव्हाच टाकून दिलं होतं, अंगावर मायची हिरवी साडी होती. तिनं सगळं ओळखलं. दाराचा पडदा काढला, ओसरीच्या उजेडात आणला आणि मला म्हणाली, "उत्तमदादा, हितं उभा राह्य."

मी उभा राहिलो. तिनं माझ्यामागं पडदा धरला.

"हे पाहा आजोबा, आता याला धड न्हाई." तिनं पडदा बाजूला केला. "आता हाय." परत धरला. "आता न्हाई."

चारपाच वेळा मला असं मारून जिवंत केल्यावर आजोबांनी पुढं येऊन माझ्या पोटात बोट खुपसलं. मी कळवळलो, तेव्हा त्यांची खात्री पटली. सुखदेव भिंतीला टेकून हसत होता. आजोबा आत येऊन बसले, आणि चहा होईपर्यंत लग्न ठरलंसुद्धा.

लग्नानंतर एकदा मी सुखदेवला विचारलं, "असला फोटो पाहून तुम्ही आलात कसे?"

"विमलचं तोंड आवडल्तं," तो म्हणाला. "आजोबाला म्हणलं, जाऊन पाहू. धड असलं तर हो म्हणू."

"आन् आमची आजी पाहून भ्या न्हाई वाटलं?"

"आजीचं न्हाई, तुमचं वाटलं. बाकीच्यांची तोंडं गपगार होती. तुमचं एकट्याचं मुंडकं हसत होतं. आमच्या आईनं त्या तोंडावर बोट ठेवूनच बाकीचा फोटो पाह्यला."

ते हसू मी फोटोसाठी आठ दिवस आरशासमोर उभं राहून बसवलं होतं.