पाठीवरचा डबा आणि पिवळी पिशवी

लेक कुपवाडला कारखान्यात नोकरीला. तिला सुट्टीत कोयना धरणाच्या फुगवट्यात होडी वल्हवत जाऊन काठावर तंबू ठोकायचं वेड लागलं. त्या अरुंद होडीला कयाक म्हणतात. सामान भिजू नये म्हणून तिनं तीन ड्राय बॅगा मागवल्या आणि निवडायला आमच्यापुढं टाकल्या. पहिली ट्रकच्या ताडपत्रीसारखी जाड, काळी, ती होडीच्या तोंडातनं आत जायची नाही. दुसरी पातळ, नखानं ओढली तरी फाटेल अशी. तिसरी पिवळी, मऊ. तोंडाच्या तीन घड्या घालायच्या आणि चाप लावायचा.

आमच्या ह्यांनी पिवळीत काड्यापेटी ठेवली आणि दिवसभर पिशवी हौदात दगडाखाली दाबून ठेवली. संध्याकाळी काडी ओढली, पेटली. "ही घे," म्हणाले, आणि लगेच सुंभ आणायला उठले.

आता हे सांगायलाच हवं. आमच्या नदीकाठच्या गावात पोरं पोहायला शिकतात ती पाठीवर रिकामा पत्र्याचा डबा बांधून. गावातली निम्मी पोरं ह्यांनीच शिकवली. आधी कंबरेची गाठ बोटानं चाचपायची, मगच पाण्यात सोडायचं. ह्यांचा थोरला भाऊ पुरात गेला, तेव्हापासून ह्यांचं एकच म्हणणं: डबा बांधला नव्हता.

म्हणून हुकूम निघाला, हवा कोंडलेली पिशवी डब्यासारखीच तरंगते, ती कंबरेला बांधायची. लेक हसली. "आवं अण्णा, मी काय डब्यावर पवायला शिकाय चाललेय व्हय?" पण ह्यांचं तोंड बघितलं आणि बांधते म्हणाली.

जायच्या आधी आमच्या घाटावर तिची आणि तिच्या सोबत्यांची रंगीत तालीम होती. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. थंडीचे दिवस, कृष्णामाई अशी निवांत की तिच्यात देवळाचा कळस हलत नव्हता. मला ते निवांतपण काही बरं वाटलं नाही. भरलेल्या पाण्यापेक्षा गप्प पाण्याचं मला जास्त भ्या वाटतं.

त्यांच्यातला शिकवणारा म्हणाला, आता मुद्दाम उलटायचं आणि बाहेर यायचं. तिची मैत्रीण उलटली आणि लगेच वर आली. मग आमची उलटली. होडीचं लाल पोट वर आलं. ती आली नाही.

हे उठून उभे राहिले. पोट तसंच, लाल, सावकाश डुलत होतं. शिकवणाऱ्यानं उडी टाकली, आत हात घातला, कमरेचा चाकू काढला. मग तिचं डोकं वर आलं. पायरीवर आणून बसवली तेव्हा दातावर दात वाजत होते. जॅकेटच्या खाली, कुणाला दिसू नये असा, सुंभाचा तुटका तुकडा कंबरेला लोंबत होता. सुंभाच्या दुसऱ्या टोकाची पिशवी होडीच्या नाकाडात, पाय पसरायच्या जागेच्याही पुढं, घट्ट कोंबलेली होती.

ह्यांनी विचारलं, पिशवी वर का न्हाई आली? तिनं सावकाश सांगितलं.

"ती तरंगतच हुती, अण्णा. पण होडीच्या आत. तिनं मला धरून ठिवलं."

घरी येऊन ह्यांनी खुंटीवरचा जुना डबा काढला आणि गोठ्यात नेऊन ठेवला, एवढंच. मला वाटलं आता ती जाणार नाही. पण दुसऱ्या आठवड्यात तिनं तीच पिवळी पिशवी भरली. काड्यापेटी, कोरडे कपडे, माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी. घड्या घातल्या, चाप लावला.

निघताना ती ह्यांच्या पाया पडली. उठली तशी ह्यांची बोटं तिच्या कंबरेवर गेली, सवयीनं, गाठ चाचपायला. गाठ नव्हती. नाही ना, हे ह्यांनी दोनदा बघितलं.

"पिशवी गेली तर जाऊ दे," म्हणाले. "तू मोकळी ऱ्हा."

आज ती तिकडं पाण्यावर आहे. तिथं रेंज नसते, हे तिनं सांगून ठेवलंय, तरी फोन मांडीवर घेऊन मी हे लिहिते. हे सकाळपासून दुसऱ्यांदा घाटावर गेलेत. नदी त्या दिवसासारखीच निवांत आहे म्हणून मघाशी सांगून गेले, आणि ते सांगताना माझ्याकडं बघितलं नाही.