शपथेवर लिहून देतो

जुन्या खुर्च्यांची कापडं बदलणाऱ्या या माणसाला सगळे खिळ्या म्हणत. कामाला बसला की मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचा आणि जिभेनं एकेक पुढे आणायचा. बायको म्हणायची, "यांच्याशी भांडायचं तर आधी तोंड रिकामं करून घ्यावं लागतं." ती जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

बायकोचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा भारतातून इकडे परदेशात आलेला. पोर पाळण्यात असतानाच घर सोडून गेला. मुलीचं नाव शाळेत घालायला खिळ्या गेला आणि बापाच्या रकान्यात त्यानं सरळ स्वतःचं नाव लिहिलं. कुणाला विचारलं नाही. तेच पुढे तिच्या पासपोर्टावर चढलं. मुलीला सगळं ठाऊक होतं. घरात तो विषय मात्र कधी निघाला नाही. जखमेवर कापड ताणून बसवावं तसा तो झाकलेला होता.

आता मुलीला भारतात बहिऱ्या मुलांच्या शाळेत काम मिळत होतं. तिथंच राहायचं तर परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड हवं, आणि ते तिला जन्मदात्याच्या नात्यानं मिळणार होतं. जन्मदाखल्यावर एक बाप, पासपोर्टावर दुसरा. अर्ज परत आला.

भारतीय वकिलातीच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "काका, घोळ तुम्हीच घातलाय. दुसऱ्याच्या जागी स्वतःचं नाव कसं लिहिलंत?"

"जागा रिकामी होती, साहेब."

कारकून हसला. मग म्हणाला, "प्रतिज्ञापत्र आणा. तुम्ही बाप नाही म्हणून."

मुलीनं मजकूर टाइप करून कारखान्यात आणला. भुशाचा वास, फाटके सोफे, भिंतीला टेकवलेल्या स्प्रिंगा. खिळ्यानं तोंडातले खिळे तळहातावर काढले, पुसले आणि चष्मा लावला. 'सदर अर्जदार माझी मुलगी नाही.' त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"एवढं उघडं लिहावं लागतं?"

"वकील म्हणाला, असंच लागतं. हवं तर 'जैविक' घालता येईल, बाबा."

"म्हणजे?"

"रक्ताची."

"मग घाल की. तेवढंच खोटं कमी."

ती हसायला गेली, पण तोंड फिरवून स्प्रिंगा मोजत उभी राहिली.

नोटरीचं कार्यालय नळांच्या दुकानावर होतं. नोटरीनं मजकूर मोठ्यानं वाचून घेतला, दोघांकडे पाहिलं आणि बजावलं, "साक्ष खोटी निघाली तर अर्ज बाद होईल, बरं का. अर्जदाराशी आपलं नातं?"

"वडील..." मुलीच्या तोंडून निघून गेलं.

नोटरीनं पेन खाली ठेवलं. "मग हा कागद कशाला?"

"पोरीला सवय आहे, साहेब," खिळ्या घाईनं म्हणाला. "नातं काही नाही. तसंच लिहा."

त्यानं सही केली. अक्षर नेहमीपेक्षा नीट आलं.

खाली रस्त्यावर गाड्यांची रीघ होती. ओलांडताना मुलीनं त्याचा हात धरला, घट्ट. खिळ्यानं मान वळवून वर नोटरीच्या खिडकीकडे पाहिलं.

"सोड," तो हळूच म्हणाला. "त्यांच्या खिडकीतून दिसतं."

तिनं सोडला नाही. मग त्यानंच एकेक बोट सोडवलं आणि तिला दोन पावलं पुढे जाऊ दिलं.