आईचा तीव्र विरोध

मी एकतीस वर्षं शेवगावच्या शाळेत जगाचा भूगोल शिकवला आणि त्या सबंध काळात एकदाही पुण्याच्या पुढे गेलो नाही. इंग्लंडातला पाऊस समजावून सांगताना मी असा काही रंगत असे, की मागच्या बाकावरची पोरं खिडकीतून आभाळ बघत. (आभाळ अर्थातच कोरडं असे. शेवगाव ते!)

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट पन्नास वर्षं सांगितली जाते. सुमन, म्हणजे माझी बायको, नर्स होती. तिला परदेशात नोकरी चालून आली होती. पण सासूने मोडता घातला. लग्नकार्यात पंगत उठली की कुणीतरी हे सांगतंच, बायका हळहळतात आणि मी पान जुळवत बसतो. आता मी ब्याऐंशीचा आहे आणि दात नसल्याने पानही सुटलं आहे, तेव्हा गप्प बसायला काही निमित्त उरलेलं नाही. ही गोष्ट खोटी आहे. ती मी रचली.

झालं असं. सत्तरच्या दशकाची सुरुवात, मे महिना, शाळेला सुट्टी. सुमन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होती. मुंबईच्या एका कचेरीचं तिला पत्र आलं: इंग्लंड, जर्मनी आणि इराण या तीन देशांत नर्स पाहिजेत; महिनाअखेर एका देशाचं नाव कळवावं, सोबत पतीची लेखी संमती जोडावी; सहा महिन्यांनी कुटुंब नेता येईल. आमची मीना तेव्हा पाच वर्षांची होती, बाळू दोनचा.

सुमनने पत्र माझ्या हातात दिलं.  

"कुठलाही देश चालेल मला," ती म्हणाली. "तिकडं ऑपरेशनच्या खोलीत उभं राहून शिकायला मिळेल. इथं तर कापूससुद्धा मोजून देतात. पण मी निघताना तुमचं तोंड वाकडं नको. म्हणून देश तुम्ही निवडा. तुम्ही भूगोलाचे."

चूक तिथेच झाली. निवडायचा तो मी मनाशी निवडायला हवा होता. पण आमच्याकडे घरातलं काहीही, म्हैस असो की जावई, एकट्याने ठरवण्याची पद्धत नाही. चार जाणत्यांना विचारायचं! (ज्या बाईला जायचं आहे, ती सोडून कुणालाही.) मी शाळेतला जगाचा नकाशा घरी आणला, ओसरीच्या भिंतीवर टांगला आणि गावातल्या जाणत्यांना एकेक करून चहाला बोलावलं.

पण सगळ्यांच्या आधी बोलली ती आई. ती कुरडयांचा गहू चाळत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, नकाशाकडे तिने भिंतीवरची ओल पाहावी तसं पाहिलं.

"तिकडं बाजरी व्हती का रं?"

"नाही होत, आई."

"मंग पीठ न्यावं लागंल. आन सा म्हैने पोरांचं काय, मी हाय की! जाऊ दे तिला. पोरगी हुशार हाय." एवढं बोलून तिने गहू दुप्पट भिजत घातला. सुमनला बरोबर द्यायला कुरडया नकोत का? झाला आईचा विरोध. इतकाच.

चहाला पहिले आले आमचे हेडमास्तर. त्यांनी छडीने इंग्लंड दाखवलं. "विचार कसला करता? भाषा येते आपल्याला! तिथं उतरल्याबरोबर बोलायला सुरुवात." (हेडमास्तरांचं इंग्रजी ऐकून एकदा तपासणीला आलेले साहेब मराठीत बोलू लागले होते.) मी त्याच दुपारी मुंबईला पत्र टाकलं: इंग्लंड नक्की.

दुसऱ्या दिवशी शेजारचे सुभेदारकाका आले. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इराणच्या सीमेलगतच्या बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते आणि त्याबद्दल बोलायला कायम माणूस शोधत असत.

"इंग्लंड? गुरुजी, लेकरं गारठून मरतील! सूर्य म्हणून दिसत नाही तिथं. त्यापेक्षा इराण. ऊन आपल्यासारखं, धूळ आपल्यासारखी, पाणी बी आपल्यासारखंच!"

"म्हणजे?"

"म्हणजे नसतं!"

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. दुसरं पत्र गेलं: इंग्लंड रद्द, इराण नक्की.

तिसरे जाणते म्हणजे बाबूराव शिंपी. ते नकाशाकडे पाठ करून बसले आणि माझ्या खांद्यांकडे पाहू लागले.

"इराणात कोट लागत न्हाई, गुरुजी."

"मग?"

"मग जाता कशाला? मानूस परदेशी गेला अन् कोट न्हाई, तर लोक म्हनत्याल शेजारी नेवाशाला जाऊन आला! जर्मनी धरा. लई थंडी. तुमचं माप घेऊ का?"

मी हात वर केले. अजून सांगतो, मला वाटलं होतं ते नुसतं माप घेतील. पण चौथ्या दिवशी घोंगडीच्या जाडीचा, गुडघ्यापर्यंत येणारा, सहा बटणांचा काळा कोट घेऊन स्वारी हजर! नोकरी सुमनला, कोट मला. सुमन बिचारी हसून म्हणाली, "छान दिसता हो." ती त्या दिवसांत सगळ्यालाच छान म्हणत होती. ड्यूटीवरून आली की मीनाला मांडीवर घेऊन नकाशासमोर बसायची आणि तिन्ही देशांवर एकदा बोट ठेवायची. निवडायची मात्र नाही. तसं ठरलं होतं ना!

बाबूरावांचा सल्ला होता की जाड कोट एकदम अंगाला लागत नाही, रोज तासभर घालून मुरवावा लागतो. म्हणून मी तिसरं पत्र (इराण रद्द, जर्मनी नक्की) पोस्टात टाकायला गेलो तो कोट घालूनच. दुपारचे दोन. वैशाख. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. जे एक होतं ते टपरीच्या सावलीतून माझ्याकडे दयेने बघत होतं.

"गुरुजी, आज कुठला देश?" पोस्टमनने विचारलं.

"जर्म..." मी म्हणालो, पत्र पेटीत सोडलं आणि पेटीला मिठी मारून खाली बसलो. पुढचं मला आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा मी सुमनच्या वॉर्डात होतो. चौघांनी उचलून आणलं होतं, पण सहाही बटणं कुणाला सुटेनात, म्हणून कोटासकट! डोक्यावर ओली पट्टी, भोवती अख्खी बाजारपेठ. सुमन बटणं कापत होती, एकीकडे नाडी बघत होती, एकीकडे गर्दीला दरडावत होती. तिचं काम मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. सगळे तिचं ऐकत होते, डॉक्टरसुद्धा.

"कोन हाय रं हा?" पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"शिस्टरचं मालक!"

"काय करत्यात?"

"आता काय करायचं? शिस्टर निगाली परदेशी. हे जायचं मागून, पोरं सांबाळायला!"

वॉर्ड हसला. ज्यांच्या पोटाला टाके होते तेही पोट धरून हसले. मीही हसलो, पट्टीखालून. पण हसता हसता मला दिसलं, की म्हातारा बरोबर बोलतोय. शेवगावात मी रस्त्याने निघालो की पोरं उभी राहायची. तिकडे मला कोण ओळखणार होतं? माझा भूगोल तिथे कुणाला पाहिजे होता? ती कामावर जाणार आणि मी खिडकीशी बसून तो पाऊस बघणार, जो मी इतकी वर्षं न भिजता शिकवला. त्यातही आधीचे सहा महिने ती एकटी तिकडे आणि मी इकडे. मला धडकी भरली. हे सगळं सुमनला सांगायला हवं होतं. ती हातभर अंतरावर उभी होती.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मी चौथं पत्र लिहिलं. तिन्ही देश रद्द. कारण काय द्यावं? 'पतीला भीती वाटते' असं कुठला पती लिहील! मी लिहिलं: माझ्या वृद्ध आईचा तीव्र विरोध आहे. (आई तेव्हा पन्नाशीची होती आणि अंगणात चाळीस किलो गव्हाचा चीक हाटत होती.)

मला वाटलं, कचेरी गप्प बसेल आणि मी पोस्टाला दोष देईन. पण कचेरीने सुमनच्या नावाने उत्तर धाडलं. संध्याकाळी ओसरीवर तिने ते मोठ्याने वाचलं आणि तिचं तिनेच मराठीत सांगितलं: "सासूबाईंचा तीव्र विरोध असल्याचं पतीने कळवल्यावरून अर्ज निकाली काढला आहे."

 आई खाटेवरच्या वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं. सातही खंडांमध्ये लपायला जागा नव्हती.

"व्हय," आई म्हणाली. "मीच म्हनले. येवढ्या लांब कशाला पोरं उघड्यावर टाकायची?"

सुमनने पत्राची घडी केली, ट्रंकेत ठेवली, पदर खोचला आणि रात्रपाळीला निघून गेली.

त्यानंतर आई अकरा वर्षं जगली. सुमनने तिचं दुखलं-खुपलं सगळं केलं, शेवटचे तीन महिने तर आईचं सगळं अंथरुणातच. पण बोलली ती पेशंटशी बोलतात तितकंच. "गोळी घ्या." "कूस बदला." "पाणी हवंय?" मी एकदा धीर करून आईजवळ बसलो. म्हणालो, "आई, मी तिला खरं सांगून टाकतो."

"गप," ती म्हणाली. "तिचं माज्याशी न्हाई पटलं तर चालंल. तुज्याशी पटाया पायजे. मी किती दीस हाय?"

मी गप्प बसलो. आईची आज्ञा मी आयुष्यात इतक्या तत्परतेने कधीच पाळली नव्हती.

पोरं मोठी झाली, मीना इंग्लंडला गेली, बाळू जर्मनीला. (इराण तेवढं राहिलं!) आम्ही दोघं शहरात, सावेडीला फ्लॅट घेऊन राहू लागलो. गेल्या पितृपक्षात आईच्या पानावर वाढता वाढता सुमन म्हणाली, "वाईट नव्हत्या हो तुमच्या आई. पण त्या एका गोष्टीत..." आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तीन पत्रं, चौथं पत्र, 'गप' म्हणालेली आई. वाढलेलं पान तसंच होतं.

सुमनने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या वर्षी कुरडया दुप्पट होत्या. त्या कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

ती आईच्या पानासमोर खाली बसली.  माझ्याशी मात्र त्या दिवसापासून एक शब्द नाही. तिने पासपोर्ट काढला, दोन महिन्यांनी मीनाकडून तिकीट आलं आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी माझी बायको परदेशी गेली. दारात रिक्षा उभी होती. मी तोंड वाकडं होऊ दिलं नाही. तिने पाहिलंच नाही ते.

आता मी एकटा असतो. भात मला येतो, वरण मनात येईल तसं होतं. मीनाचा रविवारी फोन येतो, मागे सुमनचा खोकला ऐकू येतो. त्यावरून मी तिची तब्येत ओळखतो. घरात एवढी वर्षं नर्स होती, इतकं तर जमायला हवं. चार महिने असे गेले. आणि गेल्या रविवारी मीनाच्या हातून फोन ओढून घेतल्याचा आवाज झाला.

"पासपोर्ट काढा," सुमन म्हणाली.

"काढतो," मी म्हणालो.  "कुठे यायचं? तिथे, का बाळूकडे?"

"ते मी ठरवीन."

आणि फोन बंद.

मी कुणालाही न विचारता तडक उठलो आणि कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने मला स्टुलावर बसवलं, हनुवटी सरळ केली.

"काका, हसू नका. पासपोर्टला हसलेलं चालत नाही."

"हसत नाहीये. दात नाहीत म्हणून तसं दिसतं."

"बरं, निघालात कुठं या वयात?"

"बायकोने अजून कळवलेलं नाही," मी म्हणालो. "तू फोटो चांगला काढ. निवड तिच्या हातात आहे, मी नापास होऊ शकतो."