ओला माल आणि भुशाची शेगडी

पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये कुणी कुणाला कसं चाललंय म्हणून विचारत नाही. वाळलं का, एवढंच विचारतात. आम्ही कुंभारांची चार घरं मिळून एकाच पत्र्याच्या शेडमध्ये शाडूचे गणपती करतो. कोल्हापूरचा पाऊस एकदा बसला की दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथं मातीचं काय घेऊन बसलात. म्हणून शेडच्या मधोमध भुशाची शेगडी पेटती ठेवावी लागते. पत्र्याचा डबा घ्यायचा, मध्ये दांडकं उभं धरून भोवती लाकडाचा भुसा ठासायचा. दांडकं काढलं की पडलेल्या भोकातून तो दिवसभर मंद जळत राहतो.

मंदच जळायला हवा. आच वाढली की सोंडेच्या जोडाला तडा जातो. मागे आम्ही हॅलोजनचे दिवे लावून बघितले होते. मूर्ती तडकल्या आणि विजेचं बिल बघून घरचेही.

भुशाचं सगळं माझ्याकडे. मला काळजी करायची हौस आहे असं घरात म्हणतात, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. पावसात सॉ मिलवाला भाव वाढवतो आणि वर भुसाही दमट देतो. पोतं उतरलं की मी आधी त्यात कोपरापर्यंत हात घालून बघते, मग पैसे सोडते.

खर्चाचा नियम सासऱ्यांच्या वेळेपासूनचा आहे. ज्याचा माल ओला, त्यानं भुशाचे पैसे भरायचे. वाळला की तो सुटला. आणि वाळला की नाही हे मालकानं ठरवायचं नाही. दुसऱ्या घरच्या माणसानं मूर्तीच्या पाठीला गाल लावून सांगायचं. गार लागलं तर आत ओल आहे. हाताला ते कळत नाही, गालाला कळतं. यावरून दरवर्षी भांडणं होतात. सगळ्यात मोठा आवाज माझ्या चुलत सासऱ्यांचा, आबांचा. माल वाळायच्या आधीच ते वाळला म्हणून ओरडत येतात, आणि मी गाल लावून अजून गार आहे म्हटलं की तास तासभर माझ्याशी बोलत नाहीत.

यंदा वैशाखात माझ्या धाकट्या चुलत जावेचा नवरा गेला. तिच्या घरचं काम आता बंद, असंच आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. पण आषाढात त्यांची नेहमीची गिऱ्हाइकं पाट घेऊन आली. आमच्याकडे तशी पद्धत आहे. घरचा पाट कुंभाराकडे आणून ठेवायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावरून गणपती न्यायचा. पाट एकदा दुसऱ्या कुंभाराच्या दारात गेला की पुन्हा आपल्याकडे येत नाही. तिनं आले तेवढे सगळे पाट ठेवून घेतले. दोन लहान लेकरं आणि भिंतीला टेकवून ठेवलेले ते पाट, एवढंच काय ते तिच्याकडे उरलं होतं.

साच्याचं काम तिला येत होतं, पण दोघांचं काम एकटीनं करायचं म्हणजे उशीर होणारच. श्रावणाचा शेवटचा सोमवार तोंडावर आला तेव्हा आमच्या तिन्ही घरांच्या मूर्ती रंगाला गेल्या होत्या आणि तिच्या अजून काळपट ओल्या होत्या. म्हणजे नियमानं सगळा भुसा आता तिच्या एकटीवर. तिला तो झेपणार नव्हता हे मला माहीत होतं. पोत्यात हात घातला की तळ लागायचा. मी शेगडीभोवती गोणपाटं बांधली, आच बाहेर जाऊ नये म्हणून. भुसा आणखी दाबून भरला. एवढं करूनही सकाळी मूर्ती गारच.

त्यातच तिचं एक जुनं गिऱ्हाईक डोकावून गेलं. शिरोळकडचा शेतकरी माणूस, मनानं वाईट नाही, पण बोलणं रोखठोक. मूर्तीकडं बघून म्हणाला, "वैनी, जमत नसलं तर तसं सांगा, राग न्हाय. सोमवारी येतो. वाळली असली तर ठीक, न्हाय तर पाट घेऊन जातो."

तो गेल्यावर ती माझ्याकडं आली. "अक्का, उद्यापास्नं माझ्यापुरता अर्धाच डबा लाव."

अर्ध्या डब्यानं काही होणार नव्हतं. शेगडी दुपारीच विझली असती आणि रात्रभरात मातीनं पुन्हा दमट हवा ओढून घेतली असती. चौथ्या घरचे दोघे भाऊ तिथंच रंग कालवत होते. त्यातला धाकटा मान वर न करता म्हणाला, "नियम हाय त्यो. आमचं वाळलं की." तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

तेवढ्यात पलीकडून आबांची हाक आली. "सूनबाई, हिकडं ये. ह्येला गाल लाव."

त्यांच्या पुढ्यात त्यांची मोठी मूर्ती होती. अंगाला गुलाबी रंग मारून झालेला, नुसते डोळे आखायचे राहिलेले. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तरी वाकून गाल लावला. फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखी ऊब लागली. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्याकडं बघत होते.

"काय म्हणतीस?"

उभ्या जन्मात मी गाल लावून खोटं सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी शिकवलेलं एवढं एकच काम मी चोख करत आले होते. म्हटलं, "गार लागतंय, आबा."

"मग? वाळलं न्हाय की अजून. माझ्या वाटणीचा भुसा धर." मग भावांकडं वळून म्हणाले, "तुमचंबी बघून घ्या तिच्याकडनं. मागनं भांडान नको."

धाकट्यानं ब्रश खाली ठेवला. आता हा काहीतरी बोलणार आणि सगळं उघडं पडणार, असं मला वाटलं. पण थोरला भाऊ उठला, सरळ आमच्या मूर्तीपाशी गेला, पाठीला गाल लावला आणि म्हणाला, "ह्ये पण गार हाय." धाकट्यानं निमूटपणे आपली एक मूर्ती माझ्याकडं सरकवली.

जाऊ हे सगळं बघत होती. मी जवळ गेले तसा तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि माझ्या गालावरचा गुलाबी रंग पुसून काढला. "अक्का, ओल्या मातीला रंग बसतोय व्हय गं?"

मी म्हटलं, "तू भुसा ठास."

त्यानंतर शेगडी विझू दिली नाही. पण आच वाढवता येत नव्हती आणि पाऊस थांबत नव्हता, त्यामुळं भीती होती ती होतीच. सोमवारी सकाळी तिनं मला हाक मारली. तिचा माल, म्हणजे गाल माझाच लागणार. मी वाकले. आज मात्र खोटं बोलून चालणार नव्हतं. गार असलं तर गारच म्हणावं लागलं असतं, नाही तर रंग फुगून पोपडे निघाले असते. मी गाल टेकला, उचलला, पुन्हा टेकला. गार लागत नव्हतं. डोळे भरून येत होते आणि ते पाणी मूर्तीला लागू नये म्हणून मी पदर डोळ्यांना धरला होता.

"अक्का, बोल की," ती म्हणाली. "पावणं दारात हाईत. काय सांगू त्यास्नी?"

"पाट राहू द्या म्हणावं."